ताईचं नाव

बनशंकरी, बेंगळूरु
मंगळवार, ३ फेब्रुवारी

पत्र चुलीत घालायचं नाही! आधी ऐकून घ्या, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या. भाग्यलक्ष्मी, तू थांबू नकोस, वाचत राहा. त्या गोधडी डोक्यावरून घेतील. घेऊ दे. गोधडीतूनसुद्धा ऐकू येतं.

फिलूताई, तीन रविवार झाले. दुपारी साडेचारला बिशप तुम्हाला फोन लावतात आणि तो वाजून वाजून बंद पडतो. परवाच्या रविवारी भाग्यलक्ष्मीनं शेजारधर्म म्हणून स्वतःचा मोबाईल तुमच्या कानाला लावला, तर तुम्ही असा हात झटकलात की मोबाईल कोंबड्यांच्या डालग्यात. इकडं बिशपांच्या कानात काय गेलं असेल? कोंबड्या. पाच मिनिटं ते कोंबड्या ऐकत बसले. मी समोरच होते. फोन ठेवून म्हणाले, "ताई रागावलीय. पण कोंबड्या बऱ्या आहेत."

मी क्षमा. ते पुस्तक लिहिणारी. तुमच्या भावाला फादर होऊन पन्नास वर्षं झाली म्हणून जे कन्नड पुस्तक निघालं, ते. कमिटीला कन्नड लिहिणारं आणि मराठी कळणारं माणूस हवं होतं, कारण बिशप लहानपणाचं सांगायला लागले की मराठीत घसरायचे आणि कमिटी नुसती मान हलवायची. आमचे लोक शहाजीराजांच्या वेळेला इकडं आले ते परत गेलेच नाहीत. आमच्या घरातल्या मराठीत निम्मं कन्नड आहे. तरी म्हटलं, जमेल.

पहिल्या दिवशी त्यांनी नाव विचारलं. मी म्हटलं, क्षमा. खुर्चीत मागं रेलून हसले. "पन्नास वर्षं लोकांना क्षमा वाटत आलो, आज ती स्वतः वही घेऊन आली. बस, कॉफी घे."

आता भांडणाचं. पान अकरा. तुमचा फोटो, आणि खाली कन्नडमध्ये 'तायि'. तायि म्हणजे आई. ही प्रेसवाल्याची चूक आहे. प्रूफ इकडून तिकडं फिरतात, कोण काय दुरुस्त करतं पत्ता लागत नाही. भाग्यलक्ष्मीनं ते वाचून दाखवलं तेव्हा तुमचं काय झालं असेल, मला कल्पना आहे. ज्या बाईनं लग्नच केलं नाही तिला छापील पुस्तकात बिशपांची आई करून टाकलं. गावात लोकांना तेवढंच पुरतं. मी माफी मागते. त्यांच्यावरचा राग माझ्यावर काढा, पण फोन घ्या.

कारण घाई आहे. त्यांनी तुम्हाला सांगितलेलं नाही, मला तर सांगूच नको म्हणाले होते. घशात गाठ निघाली आहे. २७ तारखेला, शुक्रवारी, ऑपरेशन. आवाजाची पेटीच काढणार. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणतात. आवाज जाईल असंही म्हणतात. त्यानंतर ते पाटीवर लिहून बोलणार, आणि तुम्हाला वाचता येत नाही.

उरले तीन रविवार. आठ, पंधरा, बावीस.

क्षमा


बनशंकरी
बुधवार, ११ फेब्रुवारी

आठ तारीख गेली. फोन घेतला नाहीत. पण भाग्यलक्ष्मीचा निरोप आला. तिनं तुमचे शब्द जसेच्या तसे पाठवलेत, मी वहीत उतरवून घेतले. "लोकांचं काय सांगतेस मला? पंच्याऐंशी वर्षांच्या म्हातारीला कोण काय बोलणार? जे बोलणारे होते ते मेले. मला तुझी माफी नको. एवढं सांग, आमच्या आईचं नाव कुठं गेलं?"

अय्यो, फिलूताई.

मी पुस्तक काढलं. एकशे बेचाळीस पानं. त्यात ते फादर व्हायला जिथं शिकले त्या सेमिनरीच्या तीन रेक्टरांची नावं आहेत. आनेकलला ते नवे फादर होते तेव्हा ज्या सायकलवर फिरायचे त्या सायकलच्या कंपनीचं नाव आहे. त्यांच्या कुत्र्याचं नाव आहे, टायगर. तुमच्या आईचं नाव नाही. मी विचारलंच नव्हतं. कारण माझ्या डोक्यात आई तुम्ही होतात.

म्हणजे प्रेसवाल्यानं काही केलं नाही. तो बिचारा दिसेल ते छापतो. चूक माझ्या कानाची. आमच्या घरी मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. माझ्या आईची अक्का, तिच्या आईची अक्का. ताई हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. बिशप टेपवर म्हणाले, "ताईनं मला वाढवलं," आणि मी ऐकलं 'तायिनं मला वाढवलं'. आईच वाढवते की मुलाला! शंका यायचं कारणच नाही. मी त्याचं कन्नड केलं. साडेतीनशे वर्षं बेंगळूरुत राहिल्यावर कान असे होतात.

त्या टेप मी काल परत ऐकल्या, ह्या वेळी तुम्हाला बहीण म्हणून. नऊ वर्षांची मुलगी अकरा महिन्यांच्या पोराला कडेवर घेऊन चर्चला निघालीय. वाटेत दोन ओढे. ओढा आला की पोराला डोक्यावर बसवायची. मी आधी हे एका बाईचं चित्र लिहिलं होतं, पदर खोचलेल्या. तुम्हाला तर पदरच नसणार, परकर असणार.

संध्याकाळी तेर्स म्हणताना, जपमाळेच्या तिसऱ्या फेऱ्यात तो पेंगायचा आणि तुम्ही बोटाच्या पेरानं टाळूवर मारायचात. बिशप टोपी काढून मला जागा दाखवत होते, "इथं. अजून कुणी लांबलचक प्रवचन केलं की इथं दुखतं." तांब्यात निखारे घालून तुम्ही त्याचा एकुलता सदरा इस्त्री करायचात. पेजेत सुका बांगडा भाजून कुस्करायचात आणि स्वतः नुसती पेज प्यायचात, हे त्याला चाळीस वर्षांनी कळलं. टेपवर इथं नुसती खुर्ची वाजते.

शेजारच्या मराठ्यांच्या पोरांचं ऐकून तो तुम्हाला ताई म्हणायला लागला म्हणे. तुमच्यात बाय म्हणतात. म्हणजे मुळात हा शब्दच उसना आणलेला!

आणखी एक तुम्हाला माहीत नसेल. बिशप झाल्यावर एका चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना कन्नडमध्ये की तमिळमध्ये यावरून दोन गट इतके भांडले की दोघांनी आपापलं कुलूप लावलं. हे छत्री घेऊन पायऱ्यांवर बसले, मधोमध. जो येईल त्याला म्हणायचे, "स्वल्प इर्री," जरा थांबा. तीन दिवस. लोकांनी नाव पाडलं, स्वल्प स्वामी. शेवटी दोन्ही गट त्यांना जेवायला बोलवायला आले आणि आधी कुणाकडं जायचं यावरून परत भांडले. त्या दिवसांत ते मराठीचा एक शब्द बाहेर काढायचे नाहीत. मला म्हणाले, "माझी भाषा मध्ये आणली असती तर तिसरं कुलूप." पंचवीस वर्षं अशीच. आठवड्यातून एकदा मराठी, रविवारी साडेचारला, तुमच्याशी. बारा मिनिटं. 'जेवलास का? काय होतं?' एवढंच. बाकी आठवडाभर ती भाषा त्यांच्या तोंडात नुसती पडून असायची.

म्हणून म्हणते, फोन घ्या. मला आईचं नाव सांगू नका हवं तर. त्यांना सांगा.

क्षमा


बनशंकरी
मंगळवार, १७ फेब्रुवारी

परवा पंधरा तारखेला परत तेच. साडेचार, पाच, सव्वापाच. मंजुनाथ म्हणून त्यांचा ड्रायव्हर आहे, वीस वर्षं सोबत असलेला. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मेडम, त्या अक्कांना खरं का सांगत नाही? आमचे स्वामी रात्री जेवले नाहीत."

सरी, बरं. सांगते. त्यांना न विचारता.

मी गेल्या पत्रात सगळं माझ्या कानावर घेतलं, पण पुरतं खरं तेही नव्हतं. चूक माझी, पण ती पकडली गेली होती. पान अकराचं प्रूफ बिशपांच्या हातात होतं. ते प्रूफ लाल पेननं वाचतात, आणि असे वाचतात की स्वल्पविरामालाही पापाची कबुली द्यावी लागते. पान दहावर सहा दुरुस्त्या आहेत. पान बारावर चार. पान अकरावर 'तायि'च्या खाली पेन टेकवल्याचा एक लाल ठिपका आहे. बस. काल मी त्यांच्यासमोर पुस्तक आणि प्रूफ दोन्ही ठेवलं. "तुम्ही बघितलं होतं."

"बघितलं होतं."

"मग?"

"म्हटलं, इरली बिडि." असू दे.

मी भडकले. म्हटलं, तुमच्या असू दे पायी तिकडं एक म्हातारी फोन उचलत नाही आणि मी खोटी पत्रं लिहितेय. त्यांनी प्रूफ मिटून बाजूला ठेवलं. मग सांगितलं. ते मी आता त्यांच्या शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांवर तुमचा विश्वास नको.

"तेरा वर्षांचा होतो. गावाकडच्या फादरनी आणून सोडलं सेमिनरीत. एका ब्रदरनी फॉर्म पुढं ओढला. कन्नडचा मला एक शब्द येत नव्हता. तो म्हणाला, 'तायिय हेसरु?' मला वाटलं, ताईचं नाव विचारतोय. आनंदच झाला. इतक्या लांब, ओळख ना देख, आणि पहिला प्रश्न माझ्या ताईचा! छाती काढून सांगितलं, फिलोमिना. मग 'तंदेय हेसरु?' हे मात्र कळेना. ब्रदर म्हणाला, 'अप्पा, अप्पा.' मी म्हटलं, बस्त्याव. गावाहून आणलेला बाप्तिस्म्याचा दाखला पावसात भिजलेला, नेमकी आईच्या नावावरच शाई फुटलेली. त्यांनी माझ्या तोंडचं धरलं."

पुढं सगळीकडं तेच उतरत गेलं. तुम्ही नोकरीच्या कागदांवर कधी सही केली नसेल फिलूताई, पण कागद असाच असतो, आधीच्या कागदावर विश्वास ठेवतो.

कन्नड समजायला लागल्यावर वर्षभरात त्यांना चूक कळली. सांगायची लाज वाटली. मग १९७६ आलं, फादर होण्याचा दिवस. आदल्या संध्याकाळी रेक्टरनी यादी वाचून दाखवली. अभिषेक झाला की प्रत्येकाची आई पुढं येणार. मुलाच्या हाताला लावलेलं तेल ज्या फडक्यानं पुसतात ते फडकं तिला मिळणार, आणि ती गेली की तिच्यासोबत पुरणार. यादीत लिहिलेलं, बार्देस्कर इग्नेशियस, तायि फिलोमिना.

"तोंड उघडलं असतं तर यादी सुधारली असती," बिशप म्हणाले. "आई वारलेल्या मुलांचं फडकं वेदीवरच राहतं. ताई मागच्या बाकावर बसली असती, पाहुण्यांत. बहिणीला पुढं बोलवायची रीतच नाही. कुठल्या फॉर्मात बहिणीचा रकाना बघितलायस तू? मी गिळलं. दुसऱ्या दिवशी माइकवरून कन्नडमध्ये पुकारलं, 'तायि फिलोमिना.' आणि ताईला ऐकू आलं, 'ताई फिलोमिना.' ती उठली. पस्तिशीची बाई, निळं लुगडं, सगळ्या चर्चमधून ताठ चालत आली. तिला वाटलं, माझी ताई म्हणून बोलावलंय. लोकांना वाटलं, आई म्हणून. दोघंही बरोबर होते. मीच एकटा होतो ज्याला दोन्ही ऐकू आलं."

त्यानंतर चूक दुरुस्त करायची म्हणजे तुमच्या हातातून ते फडकं काढून घ्यायचं. ते त्यांना जमलं नाही. बिशप झाले तेव्हाही नाही, तेव्हा तर पेपरात छापून आलं होतं. तो कन्नड पेपर तुमच्यापर्यंत पोचला नाही. माझं पुस्तक पोचलं.

मी विचारलं, "आणि तुमच्या आईचं काय?"

"रोज मिस्सेत मेलेल्यांची आठवण करायची जागा असते. तिथं मी थांबतो. पन्नास वर्षं रोज. आवाज न करता." मग म्हणाले, "हेच चुकलं. आवाज करायला हवा होता."

मी शुद्धिपत्र टाइप केलंय. एवढीशी चिठ्ठी, आठशे पुस्तकांत चिकटवायची. 'पान ११ वरील फिलोमिना या बिशपांच्या मोठ्या भगिनी. मातोश्रींचे नाव' आणि पुढं रिकामी जागा. नाव त्यांना माहीत आहे. लिहू देत नाहीत. म्हणतात, "ताईला तिच्या जागेवरून उठवायचं तर आधी ताईला विचारायला पाहिजे. आणि ते मी विचारणार. तू नाही, कमिटी नाही." म्हटलं, मग मी पत्रात विचारू? असे बघितले माझ्याकडे! "सगळ्या जगाला मी पत्रं लिहिली. ताईला एक नाही. तिच्याशी मी फक्त बोललोय."

एकच रविवार उरला.

क्षमा


मंगळवार, २४ फेब्रुवारी
गाडीत, चित्रदुर्गाच्या पुढं

अक्षर वाकडं आहे, रस्ता वाईट आहे. भाग्यलक्ष्मी, लागेल तसं वाच.

फिलूताई, परवा रविवारी तुम्ही फोन घेतलात. आम्ही सगळे बिशपांच्या खोलीत होतो, मंजुनाथ दारात. चौथ्या रिंगला खटका झाला आणि कुणी बोलेना. तुमचा श्वास ऐकू येत होता. बिशप उभे राहिले. उभे का राहिले माहीत नाही, फोनवर कोण बघतंय? तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही. गाठीमुळं की कशामुळं, डॉक्टर काहीही म्हणोत. नुसता खोकला आला. मग आणखी खोकला. मी फोन ओढून ओरडले, "ताई, ठेवू नका, ते बोलताहेत!" तोवर तुम्ही ठेवला होता.

तुम्हाला वाटलं असेल, ह्याला बोलायचंच नाही. तसं नव्हतं. एवढं सांगायला मी हे पत्र लिहितेय.

बिशप खाली बसले, टोपी मांडीवर ठेवली आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'फोनवर जमणार नाही. मंजुनाथ, गाडी.' नर्सिंगचं बघणाऱ्या सिस्टर हबकल्या. गुरुवारी भरती व्हायचंय, पाचशे किलोमीटर, वय शहात्तर! त्यांनी दुसरी चिठ्ठी लिहिली, 'स्वल्प इर्री, सिस्टर. बुधवारी परत.' सिस्टर हसल्या आणि मग रडल्या आणि मग औषधांची पिशवी भरली.

तेव्हापासून ते एक शब्द बोललेले नाहीत. रविवार संध्याकाळपासून. सगळा आवाज राखून ठेवलाय. काल मिस्सासुद्धा ओठांनीच केली. टोलनाक्यावर कुणीतरी ओळखलं, गाडीपाशी येऊन आशीर्वाद मागितला, ह्यांनी नुसता हात ठेवला. माणूस बिचारा बावरला. मंजुनाथ त्याला म्हणाला, "रागावले नाहीत रे, शिल्लक ठेवताहेत."


धारवाडच्या पुढं

जेवायला थांबलो होतो. उपासाचे दिवस आहेत, ते काही खात नाहीत. चिठ्ठीवर विचारलं, 'पेज मिळेल?' हॉटेलवाल्याला पेज म्हणजे काय ते मंजुनाथनं कन्नडमध्ये समजावलं, मी मराठीत, मग त्यानं भाताचं पाणी आणून दिलं. ते दोन घोट प्यायले आणि मला डोळ्यांनीच सांगितलं की नाही, ही ती नव्हे.

आता झाडं वाढायला लागलीत. काच खाली करून बसलेत. प्रत्येक वळणाला बोट दाखवतात, ओढा, फणस, चर्चचं टोक. बोलता येत नाही म्हणून माझ्या हातावर टिचक्या मारतात. मी हे पहिल्यांदा बघतेय आणि मलाच जुनं काहीतरी आठवल्यासारखं होतंय, हा काय प्रकार आहे? माझे लोक साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्या कुठल्या वाटेनं खाली आले असतील तिथं कुणी ताई मागं राहिली असेल का? आमच्या घरात तो शब्द का नाही, ते मी कधी विचारलं नाही.

पुस्तकाचं माझं ठरलंय. शुद्धिपत्राची चिठ्ठी त्यांच्या खिशात आहे. रिकामी जागा रिकामीच आहे. तुम्ही हो म्हणालात तर ते भरतील, नाही म्हणालात तर फाडून टाकतील, आणि तुम्ही तिसरंच काही म्हणालात तर ते तुमचं. मला कळवायचं नाही. कमिटीला काय ते बिशप सांगतील.


गावाच्या फाट्यावर

खानापूर मागं गेलं. भाग्यलक्ष्मीला फोन केला, ती दुकानापाशी उभी आहे, परत जाताना हे पत्र तिच्या हातात देणार. भाग्यलक्ष्मी, आज वाचायचं नाही. ते उद्या बेंगळूरुला निघाले की वाच.

मी ठरवलंय ते असं. मंजुनाथ गाडी अंगणाच्या बाहेर लावेल. मी बिशपांना दारापर्यंत नेईन, हात चौकटीवर ठेवून देईन, कारण पायरी उंच आहे असं त्यांनी लिहून दाखवलंय. कडी मी वाजवीन. आणि पावणेपाचला फाट्यावर खानापूरची एसटी आहे, ती मला पकडायची आहे.

थांबणार नाही. मला ओळखता का तुम्ही? मी ऐकलं तर लिहीन. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तो माणूस तुमच्यासमोर ते नाव मोठ्यानं घेणार, आणि मी कोपऱ्यात उभी राहून मनातल्या मनात कन्नड करत बसणार, कोणता शब्द कुठं बसेल ते बघत. नको. तेवढं एक मला ऐकू आलेलं नको.

तुम्ही दार उघडाल की नाही, माहीत नाही. ते म्हणतात, म्हणजे चिठ्ठीवर लिहितात, 'उघडेल, शिव्या देत.' मी म्हटलं, आणि नाही उघडलं तर? त्यांनी लिहिलं, 'दाराला फटी आहेत.'

अंगणाशी पोचलो. उतरले ते. टोपी नीट करताहेत. घसा खाकरायला गेले आणि आठवून थांबले.

आता मी कडी वाजवते, आणि निघते.